मधलं माणूस

आमच्या घरात भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला समोरासमोर बोलावं लागतं, आणि अप्पा-आईंनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. "आईला सांग, कॉफी." "अप्पांना सांग, ठेवलीय." दोघं एकाच खोलीत, मधे मी. आमच्याकडे तंजावुरात नवऱ्याने चारचौघांत बायकोशी थेट बोलू नये अशी जुनी रीत होती. चारचौघं कधीच उठून गेली, रीत तेवढी राहिली.

मग आईने ओरत्तनाडूला, एकट्या राहणाऱ्या मावशीकडे, कायमचं जायचं ठरवलं. ते अप्पांना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात. जाण्याचा दिवस मात्र ती पुढे ढकलत होती, म्हणून मला आशा होती. मी दोघांना ओढत राजवाड्यामागच्या समुपदेशक बाईंकडे नेलं.

बाईंची पद्धत संवादाची. निकाल द्यायचा नाही, प्रत्येकाचं पुरतं ऐकायचं. अप्पा, निवृत्त हेडमास्तर, इस्त्रीची वेष्टी नेसून निकालासाठीच आले होते. थोड्या वेळाने बाई शेजारी बसलेल्या आपल्या सहकाऱ्याकडे वळल्या आणि आमच्याबद्दल आमच्यादेखतच तमिळमध्ये बोलू लागल्या. आम्ही नुसतं ऐकायचं.

"सरांना एकटेपणाची भीती वाटत असेल का?"

"आणि अम्मांना कोणी विचारलंच नसेल?"

परदेशातून आलेली विद्या म्हणे ही. अप्पा माझ्या कानाशी कुजबुजले, "हें तर आपल्याच घरचें."

पुढच्या खेपेला बाईंनी माझी खुर्ची खिडकीशी नेली, मला गप्प बसवलं आणि त्या दोघांना घरच्या भाषेत, म्हणजे आमच्या मराठीत, बोला म्हणाल्या. अप्पा सवयीने माझ्याकडे वळले. मी खालच्या मोपेडी बघत राहिले. शेवटी ते आईकडे बघून म्हणाले, "तूं जाऊं नको. मला एकट्याला जमणार नाहीं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाटलं, जिंकलो. बाईंना मराठीचा गंध नव्हता, पण त्याही खूश दिसल्या. असं खूश दिसणं त्यांच्या पद्धतीत बसत नसावं.

आईने पदर सारखा केला आणि सरळ त्यांनाच सांगितलं, "जमेल. तुम्हांला काय हवें तें माझ्यामागें कोण ओळखणार, हुणून अडले होतें. आतां तुम्हांला मागतां येतें. मी उद्यां जातें."