रागाचा रकाना

शैलाताईंच्या केसपेपरवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘उंचावरून पडल्यामुळे डोक्यास मार.’ मी त्यांना नाव विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, ‘पडल्यामुळे’वर काट मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“पडले नाही. उडी मारली. खालची खोकी सरकली, तो माझा दोष नाही. पडणं वेगळं, उडी वेगळी. त्या फरकावर माझं घर चाललंय.”

शैलाताई अंधेरीच्या स्टुडिओंत डुप्लिकेट होत्या. पडद्यावर नायिका गच्चीवरून झेप घेते, चालत्या जीपमधून बाहेर फेकली जाते, जिन्यावरून गडगडत येते, तेव्हा ती बहुतेक वेळा नायिका नसते, शैलाताईंसारखी कुणीतरी असते. त्यांच्या पाठीवरचे केस आणि उडणारी ओढणी साऱ्या देशाने पाहिली असेल, चेहरा मात्र कुणी पाहिला नाही. वडील मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर कुटुंब कांदिवलीच्या एका बैठ्या चाळीत आलं. तिथल्या शाळेत शैलाताई दोरीवरचा मल्लखांब शिकल्या आणि कुणाच्या तरी ओळखीने थेट फायटरांच्या, म्हणजे सिनेमात मारामाऱ्या नि उड्या करणाऱ्यांच्या, तालमीत दाखल झाल्या. डोक्याला लहानमोठे मार त्यांना कितीदा बसले, हे त्यांनाही आठवत नव्हतं. “उठायचं, पाणी मारायचं, पुढचा टेक द्यायचा,” एवढंच त्या सांगायच्या. शेवटच्या उडीनंतर मात्र त्यांना लगेच उठता आलं नाही.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम. ए. करून एका रुग्णालयात संशोधन सहायक म्हणून लागले होते. डोक्याला मार लागलेल्या माणसांचा मूड कसा बदलतो आणि त्यांतले काही जण नंतर दारूकडे का वळतात, हा आमच्या सरांचा विषय. मी चाचण्या घ्यायची. शब्दांची यादी वाचायची, थोड्या वेळाने किती आठवतात ते विचारायचं, आकृत्या काढायला लावायच्या, शेवटी प्रश्नावली. शैलाताई मला ‘टेस्टवाली’ म्हणायच्या. माझं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे, आणि त्याबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही.

त्या मारानंतर त्यांना वास येणं बंद झालं. दूध करपलं तरी कळायचं नाही. बोलता बोलता शब्द हरवायचा. मूळच्या त्या सडेतोड होत्याच, आता जिभेचा लगामच सुटला होता. शेजारणीला, भाजीवाल्याला, नणदेला, ज्याला जे वाटेल ते तोंडावर. रात्री झोप नाही, म्हणून क्वार्टर सुरू झाली. आधी थेंबही न घेणारी बाई वर्षभरात ‘बेवडी’ ठरली. पिते म्हणून चिडते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आधी डोक्याला मार लागला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी मध्ये आणत नव्हतं.

प्रश्नावली घ्यायची वेळ आली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? रडू आलं का? कशात मन लागत नाही असं झालं का? कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी, यांपैकी एक निवडायचं. शैलाताईंनी तीन-चार प्रश्न ऐकून घेतले.

“उदास नाही गं वाटत. राग येतो. सकाळी डोळे उघडायच्या आधी येतो. रागाचा रकाना कुठाय?”

“यात तो नाहीये, शैलाताई.”

“मग मी कुठे बसू?”

मी सरांना विचारायला गेले. सर स्वतः उठून आले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. “ही प्रश्नावली जशी आहे तशीच भरावी लागते, तिच्यात बदल करता येत नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही रागाबद्दल जे सांगाल ते आपण वेगळं लिहून घेऊ. मेंदूला मार लागल्यावर काही माणसांची उदासी रागाच्या रूपाने बाहेर येते. काहींचा राग हा नुसता रागच असतो. तुमचा कुठला, ते तुमच्याकडूनच कळेल.” शैलाताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी जेवणाची सुट्टी झालीच नाही. पुढे सरांनी प्रत्येकालाच रागाबद्दल विचारायचं ठरवलं, आणि प्रश्नावलीवर शांतपणे ‘कधीच नाही’ म्हणणारे कितीतरी पुरुष रागासाठी ठेवलेलं कोरं पान पुढे आलं की घडाघडा बोलू लागले.

याच सुमारास मोहनदादांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, त्यांना एका व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं. मोहनदादा स्टुडिओत लाइटमन. कमी बोलणारा, सोसणारा माणूस. दमला होता. केंद्रात पहाटे उठून प्रार्थना, मग आपापलं काम, मग गोलात उभं राहून सगळ्यांसमोर चुका कबूल करायच्या. शैलाताई काम विसरायच्या. प्रार्थनेची वेळ विसरायच्या. तिथल्या समुपदेशकाला वाटलं, बाई नाटक करते, फिल्म लाइनची आहे. शिक्षा म्हणून त्यांना गोलात उभं करून म्हणायला लावलं, ‘माझा स्वभावच वाईट आहे म्हणून मी पिते.’

“नाही म्हटलं,” शैलाताईंनी मला नंतर सांगितलं. “पिते, ते खरं. ते शंभर वेळा म्हणते. पण स्वभावाचं का म्हणू? माका माझो स्वभाव ठाऊक नाय?” चिडल्या की त्या आईच्या मालवणीत जायच्या.

त्याच दुपारी चपला घालून त्या केंद्रातून निघाल्या आणि रिक्षाने थेट आमच्या रुग्णालयात आल्या. पाठोपाठ मोहनदादा आले. आमच्या खोलीत दोघं समोरासमोर बसली. मोहनदादा माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, मला बाकी काही नको. पूर्वीची शैला परत मिळेल का, तेवढं सांगा.”

मी काही बोलायच्या आत शैलाताईच बोलल्या. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

“पूर्वीची शैला गेली, मोहन. तिचं सुतक संपलं. तू अजून धरून बसलायस. ही आहे, हिच्याशी संसार करायचा तर कर. नसेल जमत तर तसं सांग, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण ते तसंही रोजचंच आहे.”

मोहनदादा हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला आणि तोंड झाकून बराच वेळ रडले. शैलाताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या.

सरांनी मग मोहनदादांना सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की आवर घालायची ताकद कमी होते. विसरणं हे ढोंग नसतं. आणि जखमी मेंदूला दारू जास्त चढते, जास्त नासवते, म्हणून ती सोडायलाच हवी, पण अपमान करून ती सुटत नाही. आम्ही त्यांना दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, झोपेवर औषध सुरू झालं. औषधाची वेळ विसरू नये म्हणून फोनवर गजर लावून द्यायचं काम माझं. मोहनदादा हळूहळू एक गोष्ट शिकले. राग आला की ‘शांत हो’ म्हणायचं नाही, पंखा वाढवायचा आणि बाहेरच्या खोलीत जायचं.

दारू एका झटक्यात सुटली, असं मी सांगणार नाही. शैलाताई दर सोमवारी तपासणीला यायच्या, आणि कधी कधी खुर्चीवर बसण्याआधीच म्हणायच्या, “काल प्यायले. लिही.” कारण नाही, सबब नाही. मी लिहायची. अशा सोमवारांमधलं अंतर मात्र वाढत गेलं.

पुढे त्यांच्या फाइट मास्टरने त्यांना कामावर परत घेतलं. उड्या मारायला नव्हे, नव्या मुलींच्या उडीसाठी खोकी आणि गाद्या नीट रचायला. तिथे जे घडलं ते मोहनदादांनी मला सांगितलं, कारण ते त्याच सेटवर लाइट धरून होते.

एका मुलीने उडी मारली, गादीच्या कडेवर आली, डोकं आपटलं. उठून बसली, हसली, “मी ठीक आहे” म्हणाली. मास्टरने दुसऱ्या टेकची तयारी सांगितली. मुलगी वर चढायला निघाली तेव्हा तिची जिन्याची दिशा चुकली. बाकी कुणी ते पाहिलं नाही. शैलाताई गेल्या आणि खोक्यांच्या ढिगावर, बरोबर मध्यभागी जाऊन बसल्या.

मास्टर म्हणाला, “शैला, बाजूला हो. वेळ जातोय.”

“हिला आधी दवाखान्यात न्या.”

“ती स्वतः सांगतेय ना, ठीक आहे म्हणून.”

“मीसुद्धा सांगायची. दरवेळी सांगायची. बघा माझं काय झालं ते.”

“तुझ्यामुळे या पोरींना काम द्यायला लोक घाबरतील. कळतंय का तुला?”

“घाबरू देत. मी बसलेय.”

निर्मात्याची माणसं आली. कुणी विनवलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं, ही पिऊन आली आहे. शैलाताईंनी त्या माणसाला जवळ बोलावलं आणि त्याच्या तोंडावर श्वास सोडला. “सांग, येतोय वास? मला तर येत नाही, तूच सांग.” तो मागे सरला. मोहनदादा वरच्या फळीवर उभे होते. त्यांनी आपला लाइट बंद केला. मग शेजारच्याने त्याचा बंद केला. सेटवर अंधारून आलं आणि मुलीला गाडीत घालावं लागलं. डॉक्टरांनी तिला दोन रात्री ठेवून घेतलं. मुलगी बरी झाली.

शैलाताईंना मात्र त्यानंतर कामावर कुणी बोलावलं नाही. मोहनदादांचीही कामं तुटली. ते दिवस वाईट गेले. शैलाताई पुन्हा प्यायल्या, पुन्हा येऊन ‘लिही’ म्हणाल्या. एकदा मी विचारलं, तुम्हाला पश्चात्ताप होतो का? त्यांनी मान हलवली. “भीती वाटते. पश्चात्ताप नाही.” पण त्याच दिवसांत तालमीतले फायटर एकेक करून आमच्या दाराशी यायला लागले. दंडांवर टॅटू, आवाज हळू. “शैलानं पाठवलंय,” एवढंच म्हणायचे. आमच्या अभ्यासातली कितीतरी माणसं त्यांच्यामुळे आली.

अभ्यास संपला तेव्हा शेवटची चाचणी झाली. शब्दांच्या यादीत शैलाताईंची मजल जवळपास पहिल्या चाचणीइतकीच होती. मी ते सांगायला चाचरत होते.

“सुधारले का गं?”

“यात नाही, शैलाताई. तेवढंच आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “यावरच भागवू.” आणि पर्स उचलून निघाल्या.

मला मुलुंडला नोकरी लागली. अंधेरीहून मुलुंड म्हणजे शैलाताईंच्या लेखी परगावच. त्या भेटायला येत नाहीत, फोन करतात. मागच्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला. मास्टरने बोलावून घेतलं होतं. त्याच्या सेटवर आता ज्याच्या डोक्याला लागेल त्याला त्या दिवशी पुन्हा उडी नाही, आणि ते बघायचं काम शैलाताईंचं. पंधरा मिनिटं त्या बोलत होत्या. मास्टर काय म्हणाला, त्यांनी काय सुनावलं, चहा कुणी मागवला, सगळं.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला.

“ऐक गं टेस्टवाली, मास्टरने आज बोलावलं होतं.” तोच आनंद, तोच श्वास लागलेला आवाज. अर्ध्यावर त्या थबकल्या.

“हे मी तुला आधी सांगितलं का?”

“हो, शैलाताई. दुपारीच.”

“मग परत ऐक,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.