वाळूत बसवून मापलेली खुर्ची

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला एका कंपनीच्या गेटवर तिच्याच कामासाठी उभा होतो. गाड्यांचे भाग ज्या जाड फोममध्ये बसवून येतात, तो फोम कंपनी टाकून देते. तो मागून आणायला तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून मला पाठवलं होतं. "डेंग्यूच हाय मामा, दोन दिवसांत घरी येते. तवर फोम आणून ठेवा." वॉचमन म्हणत होता, बाबा, साहेब जेवायला गेलेत, बसा सावलीला. तेवढ्यात माझ्या मुलाचा, संतोषचा फोन. "आप्पा, घरी या." कशाला ते त्याला सांगता येईना आणि मला विचारता येईना... तरी फोम घेतल्याशिवाय मी हललो नाही. लोकांना ते विचित्र वाटलं. वाटू दे. तिनं सांगितलेलं काम होतं.

महिना होऊन गेला. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. जेवता जेवता उठतो, चऱ्होलीच्या रस्त्यानं उगीच चालत सुटतो. जिथं आमची शेतं होती तिथं आता सोसायट्या आहेत, त्यांच्या गेटापर्यंत जातो आणि माघारी येतो. बसलं की वाटतं, काहीतरी राहिलंय. म्हणून हे लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, नको. भाची माझी, लिहिणार मीच.

सिंधू माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. राजगुरुनगरजवळच्या एका गावात अंगणवाडीत शिकवायची. आमचा नातू शौर्य वर्षाचा झाला तरी मान धरेना, तेव्हा घरातले सगळे एकमेकांकडं बघायचं टाळायला लागले. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, जन्मताना मेंदूला इजा झाली, व्यायाम करत राहा. कुठं करायचा, कोणाकडं, कशानं, ते कोणी सांगेना. गावात माझ्या शब्दाला वजन आहे, एका फोनवर कामं होतात. पण हे काम सांगायचं कोणाला तेच ठाऊक नव्हतं. सिंधू बसनं आली. पोराला मांडीवर घेतलं, हनुवटीखाली दोन बोटं लावून मान उचलली आणि म्हणाली, "मामा, ह्याला सगळं कळतंय. नुसतं छताकडं बघून पोरगं कंटाळलंय. ह्याला बसवाय पाहिजे."

व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीण तिनंच पुण्यात हिंडून हिंडून हुडकून काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोराच्या अंगाच्या मापाची खुर्ची लागेल, बाजारातली चालणार नाही. माप कसं घ्यायचं तेही त्यांनीच शिकवलं. मग सिंधूनं शेजारच्या बांधकामावरच्या ओल्या वाळूच्या ढिगावर कापड टाकलं आणि शौर्यला त्यात बसवलं. सून रडायचीच बाकी होती. वाळूत त्याच्या बसण्याचा खळगा पडला, तो बघून सिंधूनं फोम कापला. पहिली खुर्ची डावीकडं कलली. दुसरी जमली. त्यात बसून शौर्य दारावरून जाणाऱ्या म्हशीकडं बघत राहिला, आणि म्हैस गेली तरी बघतच होता.

"अशी लेकरं अजून असतील मामा. तुमच्या भाड्याच्या खोल्यांतच असतील. ती हुडकायची कशी?"

म्हटलं, ते माझ्यावर सोड. आणि आमच्या भागात कशालाही जे करतात तेच मी केलं, चौकात फ्लेक्स लावला. वर पुढाऱ्यांची रांग, मधे फेटा बांधलेला मी आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'दिव्यांग बालकांच्या पालकांनी संपर्क साधावा'. आठवडा गेला, कोणी फिरकलं नाही. सिंधू आली, कमरेवर हात ठेवून फ्लेक्सखाली उभी राहिली.

"मामा, ह्याच्याखालून पोर घेऊन कुठली आई येईल? सगळा चौक बघतोय."

"फोटो तर ब्येस आलाय."

"फोटो झकासच आलाय. आता उतरवा."

उतरवला. तिनं तो कापून फोमवर शिवला, छापील बाजू आत. पोरांची लाळ गळते, फ्लेक्स पटकन पुसला जातो. "पोरं तुमच्या फेट्यावर बसणार मामा, मान समजा," म्हणाली. मी दोन दिवस चौकातून जायचं टाळलं.

मग संक्रांत आली. सिंधूनं सुनेला शौर्यचं बोरन्हाण घालायला लावलं. भाडेकरूंच्या सगळ्या बायकांना बोलाव, लेकरं घेऊन या एवढंच म्हण, बाकी काही बोलू नको, असं बजावलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि शौर्य मधोमध त्या खुर्चीत. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडत होते, बाकीची पोरं त्याच्या पायाशी लुटालूट करत होती आणि हा गळ्यातला हलवा चाटत होता. मी दाराबाहेर, जीव मुठीत धरून. आता कुजबुज होणार म्हटलं, तर झालीच. पण उंबऱ्याशी रेखा उभी होती. ती परभणीकडची, नवरा कंपनीत शिफ्टला. तिनं हळूच सिंधूला विचारलं, "ताई, ही खुर्ची कुठं भेटती?" मग खाली बघत म्हणाली, "माझी एक हाय... खोलीत निजवून आले."

सिंधूनं हातातली बोरं तिथंच ठेवली. "चल, घेऊन येऊ तिला. बोरं संपायच्या आत."

रेखाच्या मुलीमागून दुसरी पोरं आली. रस्त्यावरचा माझा एक गाळा मी त्यासाठी मोकळा केला. बुधवारी डॉक्टरीणबाई यायच्या, आया एकमेकींची पोरं धरायच्या, सिंधू फोम कापायची. तो मागायला मात्र मला धाडायची. मी जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. "तुमी मागत न्हाई मामा, त्यांचा कचरा उचलताय," असं म्हणून वाटेला लावायची.

आता संतोष म्हणतो, आप्पा, गाळ्याला एक मोबाईलवाला विचारतोय, सिंधूताई तर गेली, चालवणार कोण? त्याच्याच पोराचे गुडघे खुर्चीबाहेर आलेत. पण प्रश्न खोटा नाही. पोरं वाढायची थांबत नाहीत. मी, सून आणि रेखा, तिघांनी शौर्यला वाळूत बसवून फोम कापला. खुर्ची कलली. पुन्हा कापला, पुन्हा कलली. सिंधू कापताना सगळ्यांनी बघितली होती, शिकून कोणीच घेतलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, करत राहा, जमेल. करतोय. संतोषला सांगून टाकलंय, मी आहे तोवर गाळा द्यायचा नाही. पण मी गेल्यावर काय, हे डोक्यातून जात नाही...

सिंधूची एक सवय होती. गाळ्याचं शटर ती कमरेएवढंच वर ठेवायची. मी म्हणायचो, अगं, नीट उघड, वारा येऊ दे. म्हणायची, "सगळं उघडलं की रस्ता आत बघतो. सगळं लावलं की आलेली बाई माघारी जाती." गेल्या बुधवारी, डॉक्टरीणबाई आणि आया यायच्या आधी, मी शटर तसंच ठेवलं होतं. संतोष आत येऊन मोबाईलवाल्याचं पुन्हा काढून बसला होता. बोलता बोलता तो थांबला. शटरखाली एका बाईच्या चपला दिसत होत्या, आणि तिच्या कडेवरून लोंबणारा, मोजा घातलेला एक बारीक पाय. चपला मागं सरल्या, पुढं आल्या, पुन्हा मागं सरल्या. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो, मला वेळ लागतो. तेवढ्यात संतोष गेला, खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, या की आत. खुर्चीचंच ना?"