हळदीच्या जात्यावरून मला उठवलं

माघातला रविवार, भाचीच्या लग्नाआधीचा. देवगाव रंगारी, धाकट्या भावाचं अंगण. हजर: मी, भावजय, नवरी आणि गल्लीतल्या तीन सवाष्णी. भाऊ मंडपवाल्याकडे गेलेला.

जात्याला आंब्याची पानं बांधून झाली. मी खुंट्याला हात घातला, तेवढ्यात भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही तुमच्या याद्या बगा. हळदीला मी शेजारणीला हाक मारलीय."

आहेराच्या याद्या माझ्याकडे होत्या; त्या संभाजीनगरहून निघण्याआधीच पुऱ्या झाल्या होत्या, आणि हे तिला ठाऊक होतं. तिची नजर माझ्या कोपरांवर होती. थंडीत तिथले चट्टे लालभडक होतात. खपल्या हळदीत पडतील म्हणावं, तर मी मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसले होते.

सोरायसिस लागत नाही, हे मी तिला किती वर्षं सांगतेय. कातडी नको तितक्या घाईनं तयार होते आणि तिचे थर साचतात. मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम चोळायचं, डॉक्टरांचं औषध आपल्या मनानं सोडायचं नाही. याच हातांनी मी घरादाराला जेवू घातलंय. भावजयीच्या बाळंतपणात तिलासुद्धा. तेव्हा नाही कुणी उठवलं.

मी आत गेले. मागून भाची आली, दार लोटलं आणि तिनं बाही वर केली. कोपरावर माझ्यासारखाच चट्टा. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब आई लावते म्हणाली. मध्ये बंद केली तर दुप्पट पसरलं. सासरी सांगायचं नाही असं ठरलंय.

भावजय दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरला का नाही दाखवलं, मी विचारलं.

"तुमच्याच घराण्याचं हाये ते, वन्सं. रक्तातनं आलंय."

"रक्तातनं आलं, तर जात्याला हात लावून कसं लागतं, ते सांग मला."

हळू बोला, बाया ऐकतायत, एवढंच ती म्हणाली. बाहेर जातं फिरत होतं. भाऊ आल्यावर म्हणाला, लग्न होऊ दे, मग बघू.

लग्न झालं. भाची वैजापुरात भर वैशाखात लांब बाह्या घालून वावरते. माझ्या डॉक्टरांकडे यायचं तर सासूला कारण काय सांगू, असं फोनवर विचारते. खरं ते सांग, मी म्हणते. नसेल जमत तर मी येऊन सांगते. तिचा होकार आला की पहिल्या एसटीनं निघायचं. तो अजून आलेला नाही.