चार जीबीच्या पुढचं नाटक

आमचं ऑफिस डिचोलीत, बेकरीच्या वर. पाटीवर मात्र 'क्लाउड स्टोरेज'. मोपाला विमानं उतरायला लागल्यापासून साहेबांना आपणही आंतरराष्ट्रीय झालो असं वाटू लागलं होतं. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे मागच्या खोलीतल्या डिस्क, त्यांच्यावर एक पंखा, आणि साहेबांनी तरुणपणी लिहिलेला कोड. त्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

त्या कोडात फाइलमधली जागा मोजायला बत्तीस बिटांचा आकडा होता. तो चार जीबीपर्यंत नीट मोजतो. पुढे गेलं की स्कूटरच्या मीटरसारखा गपचूप शून्यावर येतो, आणि फाइलचा उरलेला भाग सुरुवातीवरच लिहीत सुटतो. वर 'सेव्ह झालं' म्हणून हिरवी खूणही दाखवतो मेला. मी साहेबांना म्हटलं, सगळीकडे चौसष्ट बिट करूया, मला आठवडाभर द्या. साहेब खालच्या बेकरीतला उंडा पाव चहात बुडवत हसले. "अगो, हांगा चार जीबीची फायल कोण करतलो?" मग त्यांनी आपल्या नव्या गाडीचा फोटो चढवून दाखवला. चढला. झाली चाचणी. डोंबल चाचणी!

पेडण्याचा एक शूटिंगवाला आमचं गिऱ्हाईक. आयुष्यभर लोकांची लग्नं नि मुंजी टिपल्या, घरच्या माणसावर कॅमेरा कधी धरला नाही. त्याचे वडील दशावतारी. एके काळी राजांची कामं करायचे. गुडघे गेल्यावर सूत्रधाराचं, नाटकाच्या आधीचं गाणं तेवढं उरलं. यंदा जत्रेला त्याने पहिल्यांदाच वडिलांसाठी कॅमेरा लावला. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राजा तलवार कधी काढेल आणि बोलणं कधी आवरेल, नेम नाही. म्हणून हे लोक कॅमेरा थांबवतच नाहीत. पहाटेपर्यंतचं अख्खं नाटक चार जीबीच्या जरा पुढे गेलेली एकच फाइल करून त्याने आमच्याकडे ठेवलं. हिरवी खूण आली. सर्वण गावात लग्नाची ऑर्डर होती, म्हणून त्याने कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं.

पुढे काही दिवसांतच वडील गेले. बाराव्याला घरच्यांना दाखवायला म्हणून तो फाइल उघडायला गेला, ती उघडेना. मी खपून खपून ती कशीबशी चालती केली. युद्ध होतं, राक्षस होता, विनोदी पात्राच्या कोट्यासुद्धा होत्या. सुरुवातीला, जिथे म्हातारा झांज घेऊन उभा असायला हवा होता, तिथे नाटक संपवताना पहाटे फोडतात तो दहीकाला येऊन बसला होता.

साहेबांनी त्याला फोनवर सांगितलं की बाकी सगळं शाबूत आहे, सुरुवातीचं थोडं गाणंच तर गेलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग काय, इतके दिवस न मिळालेला तो आठवडा मला न मागता मिळाला. मी एकूण एक आकडा चौसष्ट बिटांचा केला, आणि साहेबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं की आम्ही नेहमी भविष्याचा विचार करतो.

शूटिंगवाला ऑफिसात आला. मला वाटलं, भांडेल. भांडायलाच हवं होतं त्याने. साहेब नव्या सोयीचं कौतुक सांगत सुटले होते. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"आता कितकीय मोठी फायल मावतली मां?"

मावेल, मी म्हटलं.

"मगे आता त्यात घालू तरी काय?"