आंधळ्या घोड्याचा वन्समोअर

देवासात साडीला फॉल-पिको करायचा असेल तर इरावती जगदाळेकडे जावं, असं बायका एकमेकींना सांगतात. आणि हसून पुढे जोडतात, "घोडा चालू असला तर जरा थांबावं लागतं हं!"

हा घोडा टीव्हीतला. लेक आरोहीनं कॉलेजात असताना गेम खेळायचं एक जुनं यंत्र विकत घेतलं होतं. नोकरीसाठी ती पुण्याला गेली, यंत्र आईकडे राहिलं. त्यात एकच खेळ होता. एक लहान मुलगी म्हाताऱ्या, आंधळ्या घोड्याचा लगाम धरून समुद्रकाठून निघते. वाटेत वाळू, वारा, तुटका पूल, बर्फ. घोड्याला दिसत नाही, म्हणून मुलगी थांबली की तो थांबतो आणि ती चुकली की तो पडतो. खेळात कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं संगीत. शेवटी डोंगरापलीकडचं कुरण येतं. तिथे मुलगी लगाम सोडते. घोडा हवा हुंगतो. आपण जन्मलो ती जागा हीच, हे त्याला कळतं आणि तो आंधळा जीव चौखूर उधळत सुटतो. खेळ संपतो.

इरावतीचा मात्र संपत नाही. हातातलं काम उरकलं, मशीनवर कापड घातलं, की ती पुन्हा समुद्रकाठी जाऊन उभी.

नवरा मानसिंगराव चहाची बशी तोंडाला लावता लावता टोमणा मारायचे. "अगं, घोडा पोचला ना एकदा घरी? मग रोज रोज त्याला परत समुद्रावर का नेतेस बिचाऱ्याला?"

"रावण मेला ना एकदा? मग दसऱ्याला दरवर्षी कशाला जाळायला जाता?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तुम्ही तर टाळ्यासुद्धा वाजवता."

मानसिंगराव उरलेला चहा संपवून उठायचे. त्या बाईपुढे संवाद म्हणायचा तर पाठांतर पक्कं लागतं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पण हे कोडं इरावतीला स्वतःलाही पडलं होतंच. पहिल्यांदा ती खेळली तेव्हा सगळं लक्ष वाटेवर होतं. पोचायचं, बस. दुसऱ्यांदा तिला दिसलं, की समुद्र मागे पडत जातो तसा घोड्याचा एक कान सारखा मागे वळतो. पुढे कधीतरी दिसलं, की पुलापाशी मुलगी एकदा डोळे पुसते. हे सगळं पहिल्या वेळीही तिथेच होतं. घाईत असलेल्या माणसाला ते दिसलं नाही, एवढंच.

मग मानसिंगरावांचा कारखाना बंद पडला. दुसरं काम मिळेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवसांत इरावती रोज त्या घोड्याला घरी पोचवत असे. साऱ्या जगात पुढे काय होणार हे माहीत असलेली तेवढी एकच वाट तिच्याजवळ होती. पूल कुठे तुटतो ते ठाऊक असलं की भीती उरत नाही, काळजी मात्र उरते. आणि भीतीविना काळजी घेता येणं किती सुखाचं असतं, हे तिला तेव्हा समजलं. मानसिंगरावही कधी कधी शेजारी येऊन बसत आणि पूल आला की हळूच म्हणत, "सांभाळून ने गं त्याला."

खरं तर हे वेड तिला माहेरातूनच आलं होतं. माहेर धारचं. वडील खंडोजी, तिचे आबा, दिवसा सुतारकाम करीत आणि गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या नाटकाचा पडदा ओढीत. तिसरी घंटा झाली, की विंगेतल्या दोराला दोन्ही हातांनी असा डौलदार हिसका देत, की मखमली पडदा एखाद्या राणीनं पदर आवरावा तसा वर जाई. टाळी पडे ती राजाला, प्रधानाला, नायिकेला. आबा दोर धरून अंधारात उभे. पण पुढच्या रांगेतली जाणती मंडळी म्हणत, "पडदा बघा, पडदा! खंडोजीनं उघडलाय."

मंडळ वर्षानुवर्षं तेच ऐतिहासिक नाटक करी. लहानगी इरावती विंगेत आबांच्या पायाशी बसे. तिसऱ्या अंकात सरदार मरतो, हे गावातल्या पोराटोरांना पाठ, तरी दरवर्षी प्रेक्षागृह भरलेलं. एकदा तिनं विचारलं, "आबा, सगळ्यांना माहीत आहे तो मरणार, मग येतात कशाला?"

"इरू, लोक शेवट ऐकायला येत नाहीत," आबा म्हणाले. "शेवटापर्यंत सोबत चालायला येतात."

आबांचा आणखी एक नेम होता. प्रयोग संपला, रंग उतरले, मंडळी घरी निघाली, तरी ते निघत नसत. सिंहासन जागेवर, समई उजव्या हाताला, तलवार खुंटीवर. मंच पुन्हा पहिल्या प्रवेशाला लावून झाला की मगच दिवा मालवायचा. "उद्या कुणी आलं तर नाटक सुरू करता आलं पाहिजे," ते म्हणत. तालीम असो की प्रयोग, हा नेम आबांनी कधी मोडला नाही.

गेल्या भाद्रपदात इरावती माहेरी गेली, तर आबा अंगणात बसून पडद्याच्या कप्पीला तेल देत होते. वय ऐंशीच्या पलीकडे गेलेलं, पण दोर नवा आणलेला. आणि घरात कुणी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं.

त्या वर्षी नाटक नव्हतं. सरदाराचं काम करणारे गृहस्थ मुलाकडे बंगळुरूला गेले होते. तरुण पोरं हिंदी शाळेतली. मराठी संहिता हातात दिली की पहिल्याच पानावर अडखळून म्हणत, "काका, ये नहीं होगा." मंडळाचे चिटणीस भास्करराव म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांनी नाइलाजानं कुक्षीचा एक ऑर्केस्ट्रा ठरवला होता. तो मंडपात वाजणार होता, मंडपाला पडदा नव्हता.

"बातमी कळलीय मला," आबा कप्पीवरची नजर न उचलता म्हणाले. "पण दोर तयार असलेला बरा."

आबांच्या हयातीत पडदा उघडला नाही असा गणपती झाला नव्हता. ती तशीच भास्कररावांकडे गेली.

"काका, ऑर्केस्ट्रा राहू दे आदल्या दिवशी. नाटकाचा दिवस मला द्या. मी घोडा आणते."

"घोडा? मंचावर?"

तिनं खुलासा केला. मंचावर मोठा पांढरा पडदा लावून त्यावर प्रोजेक्टरनं खेळ दाखवायचा. खेळाला संवाद नाहीत, ते जुन्या कलावंतांनी विंगेतून मराठीत म्हणायचे.

भास्कररावांनी चष्मा काढला. "गणपतीसमोर व्हिडिओ गेम? लोक काय म्हणतील, बाई?"

"लोक म्हणतील, नाटक झालं."

शेजारी सुमंगलाताई बसल्या होत्या. एके काळच्या मंडळाच्या नायिका. आता गुडघे धरून चालत, पण आवाज अजून घंटेसारखा. त्या म्हणाल्या, "मुलगी मी होते. सत्तरीत सात वर्षांची मुलगी करायला मिळत असेल तर ऑर्केस्ट्रा हवाय कुणाला? आणि भास्करराव, तुम्ही घोडा."

"मी? सगळी हयात प्रधान केला हो मी!"

"मग काय, बढती मिळाली समजा."

घोड्याची भूमिका अशी ठरली.

बेत बेताचाच होता. पाऊण तासाचा कार्यक्रम, म्हणून फक्त शेवटचा भाग दाखवायचा: बर्फ, खिंड आणि कुरण. इरावतीनं देवासहून यंत्र आणलं, खेळ खिंडीच्या तोंडाशी नेऊन जपून ठेवला. तेवढ्याच भागाचे संवाद भास्कररावांनी लिहून काढले. प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली, फक्कड झाली. सगळे पोहे-चहाला बाहेर गेले. आबा मागे राहिले.

सगळे परतले तेव्हा मंच झाडलेला होता. समई उजव्या हाताला, खुर्च्या ओळीत. आणि पांढऱ्या पडद्यावर निळा समुद्र.

इरावती जागच्या जागी थबकली. "आबा, यंत्राला हात लावलात?"

"लावला की." आबांचा चेहरा समाधानानं फुललेला. "पहिल्या दिवशी समुद्र आणायला तू दाबलंस ना ते बटण, तेच दाबलं. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. पहिल्या प्रवेशाला लावून ठेवलंय सगळं."

या खेळात एकच जागा जपून ठेवता येते. नवा डाव मांडला की जुना पुसला जातो. खिंड गेली होती, बर्फ गेलं होतं. घोडा पुन्हा समुद्रकाठी उभा होता. आणि समोर प्रेक्षागृहात सतरंज्या भरू लागल्या होत्या, सरदारपूरहून टेम्पो करून माणसं आली होती.

भास्करराव मटकन खुर्चीत बसले. "संपलं. नव्या माणसाला इथून खिंडीपर्यंत जायला अख्खा दिवस लागतो, असं तूच म्हणाली होतीस."

आबांना हळूहळू उमगलं. दोराची गाठ तपासणारे हात खाली आले. "इरू," ते पुटपुटले, "मी घात केला का गं?"

इरावतीनं वडिलांकडे पाहिलं. मग निळ्या समुद्राकडे पाहिलं. आणि तिला हसू फुटलं. हेच तर ती इतकी वर्षं करत आली होती. आबा मंच पहिल्या प्रवेशाला लावून ठेवत, ती घोडा.

"घात कसला, आबा? नव्या माणसाला दिवस लागत असेल. मी काय नवी आहे? भास्करकाका, नाटक तीन अंकी असतं ना? मग आज तीन अंकी होऊ दे. पहिल्यापासून."

"पण पहिल्या भागाचे संवाद कुठे आहेत?"

"चिटणीससाहेब," सुमंगलाताई पदर खोचत म्हणाल्या, "एकदा पडदा वर गेल्यावर कडी अडकून सरदार रंगपटातच कोंडला गेला होता, तेव्हा दोन पानांचा संवाद तुम्ही जागेवर रचला होता. आज घोड्याच्या तोंडून रचा."

तिसरी घंटा झाली. आबांनी दोर धरला. मग तोच जुना हिसका आला आणि पडदा वर गेला तो पदर आवरावा तसा. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "वा, खंडोजी!"

पहिला अंक वाळूचा. इरावतीचे अंगठे शिलाईच्या टाक्यासारखे पडत होते, एकही आडवा नाही. घाई तिनं केली नाही, वाट मात्र एकदाही शोधावी लागली नाही. जिथे घोड्याचा कान मागे वळतो तिथे ती मुद्दाम थांबली. सुमंगलाताईंनी ते टिपलं. त्यांच्या सात वर्षांच्या आवाजात प्रश्न आला, "काय ऐकतोस रे?" आणि भास्करराव प्रधानाच्या भारदस्त आवाजात म्हणाले, "मुली, डोळे गेले की माणूस पाठीमागचं जास्त ऐकतो. घोड्याचंही तसंच." सभागृहात हशा झाला.

मध्यंतराला पोरं बाहेर गेलीच नाहीत, जागा जाईल म्हणून. पुलावर घोड्याचा पाय घसरला तेव्हा मागच्या बाजूनं माळवी हेलात आवाज आला, "अरे भिया, संभाल!" आणि देवासहून आलेले मानसिंगराव शेजाऱ्याच्या कानात अभिमानानं पुटपुटले, "काही होत नाही. ती सांभाळते. माझी बायको आहे."

बर्फ आलं, खिंड आली. शेवटी कुरण आलं. मुलीनं लगाम सोडला. इथे भास्कररावांनी घोड्यासाठी मोठं स्वगत लिहून ठेवलं होतं. पण घोड्यानं हवा हुंगली आणि त्यांनी हातातला कागद घडी घालून खिशात टाकला. नुसतं एवढंच म्हणाले, "आलं गं घर." घोडा धावत सुटला.

आबांनी पडदा पाडला. मग टाळ्या, अशा टाळ्या की कप्पीसुद्धा हादरावी. म्हातारी मंडळी उभी राहून ओरडली, "वन्समोअर!" त्यांच्यामागून पोरं ओरडली, "एक बार और! घोडा एक बार और!" घोडा पोचला होता, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तो पुन्हा पोचावा असं सगळ्यांना वाटत होतं. मानसिंगराव तर खुर्चीवर चढून ओरडत होते. त्यांना आता 'का' असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पडदा पुन्हा वर गेला. कुरण पुन्हा एकदा झालं.

मग सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, माणसं पांगली. आबांनी समई उजव्या हाताला सरकवली, खुर्च्या ओळीत लावल्या, दोराची गाठ तपासली. शेवटी यंत्रापाशी आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. बोट पुढे जाईना.

"आबा," इरावती मागून म्हणाली, "एवढंच राहिलंय. लावा ना."

"पुसलं जाईल गं सगळं."

"जाऊ दे. उद्या कुणी आलं तर सुरू करता आलं पाहिजे."

आबांनी बटण दाबलं. यंत्रानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. पडद्यावर निळा समुद्र आला. काठावर म्हातारा घोडा उभा होता, कान टवकारून. आबांनी त्याच्याकडे मान डोलावली, मंचाकडे एक नजर टाकली आणि दिवा मालवला.