मिसनी न लिहिलेला चार

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इंदूरच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. नव्या गाडीला बांधायला दिलेलं लिंबू मी घरी आणून पोह्यांवर पिळलंय. तेव्हा हे वाचून "सरसुद्धा घसरले" असं कुणाला वाटलं, तर वाटू दे. घडलं तेवढं सांगतो.

माझी थोरली बहीण सुनंदाताई पियानिस्ट आहे. रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी, शाळेतल्या पियानोवर शिकली आणि पुढे तीस वर्षं युरोपात मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवत राहिली. चार वर्षांपूर्वी ती स्नेहलतागंजला माझ्याकडे इंदुरात राहायला आली, घरच्या पियानोसकट. मला वाजवता येत नाही, पण नोटेशन वाचता येतं, कारण लहानपणापासून तिची पानं उलटायचं काम माझंच. तिकडे सगळीकडे वाजवलं, फक्त इंदूरलाच राहिलं... इथे कार्यक्रमाला लागतो तसा मोठा पियानोच नव्हता. गेल्या वर्षी एका हॉलमध्ये तो आला आणि ताईचा कार्यक्रम ठरला. एकदा आपल्या लोकांसमोर वाजवलं की झालं, मग झाकण बंद, असं ती म्हणायची.

कार्यक्रमाला पाच महिने असताना आम्ही सराफ्यातून तिच्या दुरुस्तीला दिलेल्या बांगड्या घेऊन निघालो. राजवाड्यापाशी गाडीत बसताना तिचा डावा हात दाराच्या कडेवर होता, आणि दार लावलं मी. तिच्या अनामिकेची नस तुटली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोट राहील, पण त्यात जोर येणार नाही. ताई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

टाके निघाल्यावर आठवडाभर तिनं प्रयत्न केला. मग म्हणाली, "दिलीप, त्या लोकांना फोन करून टाक. दुसरं कोणी बघून घ्या म्हणावं. नऊ बोटांत हे नाही होत रे, छोड़ दे."

आणि जुनी पुस्तकंही कुणाला तरी देऊन टाक, म्हणाली. मी फोन उद्यावर ढकलला आणि आधी कपाट उघडलं. त्यात कार्यक्रमात वाजवायच्या सोनाटाचंच एक जुनं पुस्तक निघालं, तिच्या शाळेतल्या मिसनी दिलेलं. पियानोत कुठला सूर कुठल्या बोटानं, ते सुरांवर पेन्सिलनं लिहितात. अंगठा एक, करंगळी पाच. मिसनी सगळं पुस्तक असं भरलं होतं. उलटताना काहीतरी खटकलं, म्हणून पहिल्या पानापासून पुन्हा पाहिलं. उजव्या हाताला पाचही आकडे होते. डाव्या हाताला एक, दोन, तीन, पाच... बत्तीस पानांत चार एकदाही नाही. चार म्हणजे अनामिका. जिथे त्या बोटाशिवाय भागत नाही, तिथे बाण काढून तो सूर उजव्या हाताकडे दिलेला.

ताईला दाखवलं. ती बराच वेळ पानं चाळत बसली. सोळा वर्षांची असताना याच आकड्यांवरून तिनं मिसशी भांडण केलं होतं, असं कुठे वाजवतात का म्हणून. खोडायला रबर घेतलं तेव्हा मिसनी हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "रबर मत लगाना. काम आएगा." ताईनं रागानं पुस्तक मिटलं, ते पन्नास वर्षांनी आता उघडलं.

तुमच्या मनात येईल ते माझ्याही आलं. मिसचंच बोट अधू असेल. पण त्यांनी आकडे लिहिलेली आणखी दोन-तीन पुस्तकं काढून पाहिली, त्यात चार ढिगानं आहेत. आणि अनामिका आळशी असते म्हणून तिलाच जास्त कामाला लावायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तीन महिने ताई त्या आकड्यांवरून शिकली. कार्यक्रम झाला. पानं मीच उलटली. शेजारचे गुप्ताजी मागून येऊन म्हणाले, "ग़ज़ब कर दिया भिया ताई ने." कुणालाही काही कळलं नाही. ताई घरी आल्यावर रडली आणि माझ्या डोक्यावर तोच हात ठेवून म्हणाली, "चल, आता तू पण झोपत जा नीट." त्या दाराबद्दल ती एवढंच बोलली.

हे इथेच संपलं असतं, तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण ताईनं झाकण बंद केलं नाही. मिसनी दिलेलं आणखी एक पुस्तक होतं, ते आता शिकू म्हणाली. मी कपाटातून काढलं आणि सवयीनं आधी आकडे पाहिले. पहिली दोन पानं दोन्ही हातांना आकडे आहेत. तिसऱ्या पानापासून डाव्या हाताला एकही नाही. डाव्या हाताचे जमतील तेवढे सूर बाणांनी उजव्याकडे नेलेत, उरलेल्यांवर रेघ मारलीय. शेवटच्या पानापर्यंत.

ताईला सांगितलं, त्याला कसर लागली होती, रद्दीत दिलं. ते माझ्या केमिस्ट्रीच्या वह्यांखाली आहे. जाळायचं दोनदा ठरवलं, हात झाला नाही.

 तिचं बीपी मी आता रोज मोजतो, ती वैतागते. सकाळी नऊला तिचा रियाज सुरू होतो. मी पेपर उघडून बसतो आणि आधी डावा हात ऐकतो.