झोळी माझ्या मापाची होती

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पाटणजवळच्या आमच्या गावी, लेकीच्या लसीच्या डोसादिवशी घडलेली.

मी सांगलीची. बाळंतपण माहेरी झालं, तेही सिझर. हे मिलिटरीत, महिन्याच्या सुट्टीवर आले म्हणून सव्वा महिना होताच लेकीला घेऊन सासरी आले. पोटाचे टाके अजून ओढत होते, पण सांगणार कुणाला...

ह्यांची पोस्टिंग तेव्हा आसामात होती. तिकडच्या बायका पोरं कापडाने अंगाशी बांधून सगळी कामं करतात, हे ह्यांनी पाहिलेलं. म्हणून येताना तिकडच्या बाजारातून मोठ्या हौसेने एक बेबी कॅरियर आणला. निळा, जाड नायलॉनचे पट्टे, दोन बक्कल. आमच्या गावात तसली वस्तू पहिलीच असावी. शेजारच्या बायका येऊन हात लावून बघून गेल्या.

दिसायला फार झोकात होता, पण लेक त्यात बुडून जायची. मान एका बाजूला कलंडायची, हनुवटी छातीला टेकायची, आणि पट्टे माझ्या खांद्यात रुतायचे. दोन दिवसांत तो खुंटीवर गेला.

मग मी आईच्या जुन्या सुती साडीची झोळी शिवली. हे उंबऱ्याआडून सूचना करायचे... गुडघे वर हवेत, बूड खाली, नाक दिसलं पाहिजे, मान हलता कामा नये. आरशासमोर चार वेळा उसवून शेवटी बरोब्बर माझ्या मापाची झाली. लेक त्यात पाच मिनिटांत झोपायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळत होतं तर स्वतःच का नाही घेतलं पोरीला? कारण आमच्या घरात बापाने आपलं मूल वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही, अशी रीत होती. आबा, म्हणजे माझे सासरे, दिवसभर दारातच बसलेले. हे आतल्या खोलीत घटकाभर लेकीला घ्यायचे, आणि बाहेर आबा खाकरले की परत माझ्या हातात द्यायचे. सीमेवर बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस खाकरण्याला भ्यायचा... मला हसूही यायचं आणि रडूही.

सुट्टीचा शेवटचा आठवडा उरला. पुढची सुट्टी कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा लेक धावायला लागलेली असेल, आणि बापाने तिला उजेडात एकदाही कडेवर घेतलेलं नसेल. माझ्या मनाला तेच लागून राहिलं होतं.

डोसाच्या दिवशी सासूबाई लेकीला घेऊन बरोबर येणार होत्या. सकाळी त्यांचा गुडघा असा सुजला की पाऊल टेकवेना. एस.टी. फाट्यावर, आणि फाटा चांगला टेकडीपलीकडे. मी झोळी बांधून निघाले. अंगण ओलांडलं आणि टाक्यांतून अशी कळ आली की तिथेच पायरीवर बसले. हे पिशवी धरून चार हात लांब, बुटांकडे बघत उभे.

आबा सगळं बघत होते. ते उठले, खाकरले, आणि म्हणाले, "शिवा, हिकडं ये. घे पोरीला."

ह्यांना वाटलं, चुकून ऐकलं. आबा परत म्हणाले, "घे म्हणतो न्हवं."

मी झोळी सोडून ह्यांच्या गळ्यात घातली. पण ती माझ्या मापाची... ह्यांच्या रुंद छातीवर लेक पार वर हनुवटीला भिडली आणि गाठ मारायला कापडच पुरेना. पुरुष ती बांधेल हे शिवताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आतून सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आवं, त्याला न्हाई बसायचं ते."

आबांनी डोक्यावरचा फेटा सोडायला सुरुवात केली. धुऊन धुऊन मऊ झालेला पांढरा फेटा, लांबच लांब. बोडक्या डोक्याने आबा उंबऱ्याबाहेर दिसल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांनी फेट्याचं टोक ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कसं बांधत्यात तिकडं, सांग."

हे सांगत गेले आणि आबा बांधत गेले. पाठीवर फुली, खाली आधार, गुडघे वर, नाक मोकळं. शेवटची गाठ मारताना आबा खाली बघूनच बोलले, "तू एवढुसा व्हतास तवा मलाबी लय वाटायचं घ्यावं. पर दारात आमचं बा बसल्यालं असायचं."

गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "आता दारात मी बसतुया. जा."

मी पदर तोंडाला लावला. ह्यांचे डोळे भरले होते, पण मी ते बघितल्याचं दाखवलं नाही.

पारावर माणसं होती. एकाने चेष्टा करायला तोंड उघडलं, आणि फेटा ओळखून गप्प बसला. आबांचा फेटा साऱ्या गावाला ठाऊक होता. फाट्यापर्यंत लेक बापाच्या छातीवर गाढ झोपली. मी मोकळ्या हातांनी मागून चालत होते. दवाखान्यातून परत येतानाही ह्यांनी ती गाठ काही मला सोडू दिली नाही.

त्या दिवशी लेकीने फेट्यावर दूध काढलं, त्याचा डाग राहिला. आबा पुढे कितीतरी वर्षं तोच फेटा बांधत, आणि डाग आत दडवायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

आता आबा नाहीत. परवा ह्याच लेकीने मला कॅरियरचे चारपाच फोटो पाठवले, तिला दिवस गेलेत. "आई, यातला कुठला घेऊ?"

मी लिहिलं, जो जावईबापूंनाही बसेल तो घे.